काउंटरवरून दिसणारा ताळेबंद

बँकेचं व्यवस्थापन म्हणजे नफा, एनपीए (थकलेली कर्जं) आणि टार्गेट, असं शाखेत काम करणाऱ्या बहुतेकांना वाटतं, कारण मीटिंगमध्ये तेवढंच बोललं जातं. सीएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या व्यावसायिक परीक्षेच्या अभ्यासात मला ज्या गोष्टीनं धरून ठेवलं, ती मात्र एका रुक्ष तक्त्यात होती. बँकेकडे पैसा किती आहे यापेक्षा तो कधी येणार आणि कधी जाणार, हे त्या तक्त्यात मांडलेलं असतं. डावीकडे देणी, उजवीकडे येणी आणि मध्ये काळाचे कप्पे: उद्याचा दिवस, २ ते ७ दिवस, ८ ते १४ दिवस, असं करत करत ५ वर्षांच्या पुढे. हा तक्ता समजला की बँक का चालते आणि का बुडते, हे दोन्ही कळतं, असं माझं ठाम मत झालंय. आज त्याबद्दलच लिहिते.

मी एका सहकारी बँकेच्या तुर्भे शाखेत अधिकारी आहे. राहते ठाण्यात, नौपाड्यात. ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये ठाण्याहून बसायला जागा मिळाली की तुर्भ्यापर्यंत चार-पाच पानं वाचून होतात. उरलेलं रात्री. आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांची सगळी नोकरी फोर्टमध्ये एका बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे बँकेचा पैसा बाजारात गुंतवणाऱ्या विभागात, गेली. अडलं की मी वही घेऊन त्यांच्याकडे जाते. या लेखातलं बरंचसं त्यांच्या जेवणाच्या टेबलावर समजलेलं आहे.

सुरुवात मुदतीपासून. आमच्याकडे ठेव ठेवणारा माणूस साधारणपणे वर्ष-दोन वर्षांचा विचार करतो. बचत खात्यातले पैसे तर तो उद्या सकाळीही काढू शकतो. घरकर्ज घेणारा मात्र २० वर्षांसाठी घेतो. घणसोलीचा फ्लॅट, ऐरोलीचा फ्लॅट, हप्ते चालू. म्हणजे बँक थोड्या मुदतीचा पैसा घेते आणि लांब मुदतीला देते. या दोन मुदतींमधल्या फरकावर तिचं पोट चालतं, आणि सगळा धोकाही तिथेच असतो. ठेवीदाराला हवं तेव्हा पैसे, कर्जदाराला सावकाश फेडायची मुभा, ही दोन्ही वचनं एकाच पैशावर दिलेली असतात. सगळे ठेवीदार एकाच दिवशी येणार नाहीत, या अंदाजावर हे शक्य होतं. हा अंदाज नीट बांधणं म्हणजे मालमत्ता-देयता व्यवस्थापन, बँकेतल्या भाषेत एएलएम.

रिझर्व्ह बँकेनं व्यापारी बँकांसाठी याची पद्धतशीर चौकट फेब्रुवारी १९९९ मध्ये घालून दिली. तेव्हा पहिला कप्पा सलग १ ते १४ दिवसांचा होता. २००७ मध्ये त्याचे तुकडे केले, कारण चौदा दिवसांच्या सरासरीत उद्याची अडचण दिसत नाही. शिवाय मर्यादाही घातल्या. उद्याच्या दिवसाची एकूण तूट त्या मुदतीपर्यंतच्या एकत्रित देण्यांच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, ७ दिवसांपर्यंतची १० टक्क्यांपेक्षा, १४ दिवसांपर्यंतची १५ आणि २८ दिवसांपर्यंतची २० टक्क्यांपेक्षा जास्त नको. हे आकडे पाठ करायला सोपे आहेत. परीक्षेत येतातही.

अवघड प्रश्न पुढे आहे. मुदत ठेवीची तारीख पावतीवर छापलेली असते, ती कुठल्या कप्प्यात घालायची हे कळतं. पण बचत खातं आणि चालू खातं? त्यांना तारीखच नाही. कायद्यानं बघायचं तर सगळी शिल्लक उद्याच्या कप्प्यात जाईल आणि कुठलीही बँक कागदावर बुडालेली दिसेल. म्हणून शिलकेचे दोन भाग करतात, येणारा-जाणारा भाग आणि टिकून राहणारा भाग. रिझर्व्ह बँकेनं ढोबळ प्रमाण सुचवलं: बचत खात्यांमधले १० टक्के आणि चालू खात्यांमधले १५ टक्के अस्थिर धरा, बाकीचे १ ते ३ वर्षांच्या कप्प्यात टाका. ज्या बँकेला स्वतःच्या खात्यांचा अभ्यास करून वेगळं प्रमाण काढता येईल, तिनं ते काढावं, असंही म्हटलं.

या शेवटच्या वाक्यावर मी थांबले. कारण स्वतःच्या खात्यांचा अभ्यास मुख्य कार्यालयातल्या संगणकावर करता येतो, पण तो आकडा तसा का आहे, हे फक्त शाखेतल्या माणसाला माहीत असतं.

तुर्भे शाखेचंच घ्या. एपीएमसी, म्हणजे बाजार समितीच्या घाऊक मार्केटशेजारी. आमच्या चालू खात्यांमध्ये फळ मार्केटमधले आडते बरेच. आंब्याच्या व्यापाराचं पैशाचं चक्र मी आता डोळे मिटून सांगू शकते. थंडीत कोकणात कलमांना मोहोर येऊ लागतो, तेव्हा आडते बागायतदारांना आगाऊ रक्कम देतात. त्या दिवसांत कॅश क्रेडिट खात्यांमधली (ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं कर्ज उचलायची खाती) उचल चढत जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये हापूसच्या पेट्या यायला लागतात, एप्रिल-मे म्हणजे नुसता ओघ. गाळ्यावर पहाटे माल उतरतो, दिवस वर यायच्या आत विकला जातो, आणि पैसा खात्यात येतो. आधी कॅश क्रेडिटची बाकी फिटते, मग चालू खात्यातली शिल्लक फुगते. मे महिन्यात आमच्या शाखेचे आकडे इतके सुंदर दिसतात की वरून कौतुकाचे फोन येतात.

आणि मग पाऊस. जूनच्या सुरुवातीला आंबा संपतो. आडते बागायतदारांच्या पट्ट्या चुकत्या करतात, म्हणजे आलेल्या मालाची विक्री, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा करून उरलेली रक्कम रत्नागिरी, देवगड, राजापूरकडे पाठवतात. पंधरा-वीस दिवसांत ती शिल्लक विरते. तक्त्याच्या भाषेत बोलायचं तर ३१ मे रोजी जी चालू खात्यांची शिल्लक होती, तिच्यातले ८५ टक्के १ ते ३ वर्षांच्या कप्प्यात टाकले गेले होते, आणि तो पैसा तीन आठवड्यांत कोकणात पोहोचला.

काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, “अगं, आणि १५ जूनला काय असतं?”

१५ जूनला अग्रिम कराचा पहिला हप्ता असतो. कंपन्या कर भरतात, तो पैसा बँकांच्या खात्यांमधून निघून सरकारच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यात जातो. सरकार तो खर्च करेपर्यंत बँकिंग व्यवस्थेतली रोकड तेवढ्यानं कमी झालेली असते. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या मध्यावर बँकांना एकमेकींकडून एका रात्रीसाठी मिळणारा पैसा त्यामुळे महाग होण्याकडे झुकतो. दर महिन्याच्या २० तारखेच्या आसपास जीएसटीचा भरणाही तेच करतो. आता फळ मार्केटमधली आमची जूनची ओहोटी आणि देशभरातली ही ओहोटी एकाच पंधरवड्यात पडतात. एखाद्या बँकेच्या गुंतवणूक विभागानं मे महिन्यातली फुगलेली शिल्लक बघून ९१ दिवसांचं ट्रेझरी बिल, म्हणजे सरकारचा थोड्या मुदतीचा रोखा, घेतलं, तर ते फिटणार ऑगस्टमध्ये आणि पैसे मागितले जाणार जूनमध्ये. तसं बिल मध्येच विकता येतं, किंवा ते तारण ठेवून ट्रेप्स या रोख्यांच्या तारणावरच्या उसनवारी बाजारात एका रात्रीचा पैसा उचलता येतो. पण सगळ्यांनाच रोकड हवी असते त्या आठवड्यात त्याचा जो दर पडेल तो द्यावा लागतो.

शाखा आणि बाजार हे दोन वेगळे विषय आहेत, असं पुस्तकांच्या प्रकरणांवरून वाटतं. देवगडच्या बागायतदाराची पट्टी आणि मुंबईतला कॉल रेट (बँकांच्या एका रात्रीच्या उसनवारीचा दर) एका कागदावर लिहिल्यावर ते तसं वाटेनासं झालं.

ठेवीदारांचे बाकीचे प्रकारही असेच पाहण्यासारखे आहेत. माथाडी कामगार निवृत्त होतो, त्याला फंडाची रक्कम मिळते, तो ती मुदत ठेवीत घालतो आणि मुदत संपली की त्याच खिडकीवर येऊन पुन्हा ठेवतो. मुलीचं लग्न किंवा गावचं घर निघालं तरच मोडतो. हा पैसा पावतीवर वर्षाचा, प्रत्यक्षात खूप लांबचा. सोसायट्यांच्या सिंकिंग फंडाच्या ठेवी शांत पडून असतात, पण इमारतीची मोठी दुरुस्ती किंवा पुनर्विकास निघाला की एका सर्वसाधारण सभेत सगळ्याच्या सगळ्या हलतात. तुर्भे, कोपरखैरणे, घणसोलीच्या गावठाणातल्या काही कुटुंबांनी साडेबारा टक्के योजनेतले, म्हणजे सिडकोनं संपादित जमिनीच्या बदल्यात दिलेले, भूखंड विकले. अशा वेळी खात्यात एकदम मोठी रक्कम येते. ती भावंडांत वाटली जाईपर्यंत असते, वाटप झालं की चार दिशांना जाते. ऐरोली आणि महापेच्या कंपन्यांमधल्या तरुणांची पगारखाती तर महिन्याच्या पाच-सात तारखेपर्यंतच भरलेली. हप्ते, भाडं आणि एसआयपी गेले की संपलं. या एसआयपीकडेही मी आता वेगळ्या नजरेनं बघते. पूर्वी ज्या पैशाची आवर्ती ठेव झाली असती तो म्युच्युअल फंडात जातो, तिथून कधी कंपन्यांच्या शेअर्समध्ये, तर कधी बँकांनीच काढलेल्या ठेव प्रमाणपत्रांमध्ये. म्हणजे काही पैसा फिरून बँकेकडेच येतो, पण मोठ्या रकमेत, थोड्या मुदतीसाठी आणि बाजाराच्या दरानं. स्वस्त आणि चिवट ठेव गेली, महाग आणि चंचल उधारी आली. ठेवी वाढवा असं मीटिंगमध्ये सांगतात तेव्हा कुठल्या ठेवी, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा.

एकाच प्रकारचे ठेवीदार असणं किती घातक, हे अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेनं दाखवलं. मी ते प्रकरण तपशीलवार वाचलं आणि सहकाऱ्यांनाही वाचायला लावलं. तिचे ठेवीदार बहुतेक नव्या तंत्रज्ञान कंपन्या आणि त्यांना पैसा पुरवणारे गुंतवणूकदार. एकमेकांना ओळखणारे, एकाच वर्तुळातले. ठेवींपैकी ९० टक्क्यांहून जास्त रक्कम विमा मर्यादेच्या बाहेर होती. स्वस्ताईच्या काळात आलेला हा पैसा बँकेनं लांब मुदतीच्या रोख्यांत घातला. मार्च २०२२ पासून अमेरिकेत व्याजदर झपाट्यानं वाढले आणि त्या रोख्यांची किंमत उतरली. ८ मार्च २०२३ रोजी बँकेनं सांगितलं की सुमारे २१ अब्ज डॉलरचे रोखे विकताना १.८ अब्ज डॉलरचा तोटा झाला आहे. दुसऱ्या दिवशी, एका दिवसात, ४२ अब्ज डॉलर काढले गेले. १० मार्चला बँक बंद. तिचे रोखे प्रामुख्यानं सरकारचे किंवा सरकारी पाठबळ असलेले होते. बुडीत कर्जामुळे ती बुडाली नाही, मुदतीमुळे बुडाली.

आपल्याकडे मोठ्या बँकांना पुढच्या ३० दिवसांच्या संकटाला पुरेल इतकी सहज विकता येणारी मालमत्ता ठेवावी लागते. त्याचा हिशोब करताना मोबाइल आणि इंटरनेट बँकिंग असलेल्या किरकोळ ठेवी जास्त पळू शकतात असं धरून त्यांच्यावर २.५ टक्के अधिक गळती मोजायची, असा नियम रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला. रांग लावायला लागत नाही, हे आता नियमातही आलं.

व्याजदर वाढले की जुन्या रोख्याची किंमत का उतरते, हे मला काकांनी आकड्यांतच दाखवलं. १०० रुपयांचा १० वर्षांचा रोखा, वर्षाला ६ रुपये व्याज देणारा. बाजारात आता साडेसात टक्के मिळू लागले. मग तुमचा ६ टक्क्यांचा रोखा १०० ला कोण घेईल? दर वर्षीचे ६ रुपये आणि शेवटचे १०० रुपये साडेसात टक्क्यांनी मागे आणले की किंमत येते सुमारे ८९.७०. तोच रोखा २ वर्षांचा असता तर सुमारे ९७.३०. “दरवाढ तीच. मुदत बदलली की जखम बदलते,” काका म्हणाले आणि मला पाच वर्षांच्या रोख्याचं गणित घरी करायला दिलं. आपल्याकडे मे २०२० मध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं उसने पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवर होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ टक्क्यांवर गेला. त्या काळात प्रत्येक बँकेच्या ट्रेझरीत हे गणित रोज होत असणार. मुदतीपर्यंत राखून ठेवायच्या गटात टाकलेले रोखे बाजारभावानं मोजावे लागत नाहीत, म्हणून तोटा पुस्तकात दिसत नाही. पण विकायची वेळ आली की दिसतो.

पुढची पायरी ड्युरेशन गॅप. ड्युरेशन म्हणजे पैसा यायला किंवा द्यायला सरासरी किती वर्षं लागतात ते, आणि गॅप म्हणजे येण्या-देण्यांच्या ड्युरेशनमधला फरक. परीक्षेत अनेक जण हा भाग सोडून देतात. मला तो संपूर्ण अभ्यासक्रमातला सर्वात प्रामाणिक भाग वाटतो. समजा बँकेची मालमत्ता १०० कोटी, तिचं सरासरी ड्युरेशन ४ वर्षं. देणी ९२ कोटी, त्यांचं ड्युरेशन १ वर्ष. भांडवल ८ कोटी. फरक काढायचा: ४ वजा (०.९२ गुणिले १), म्हणजे ३.०८. व्याजदर एक टक्क्यानं वाढले तर मालकांच्या वाट्याची किंमत ढोबळपणे ३ कोटींनी घटते. आठाचे पाच. एकही कर्ज थकलेलं नाही, एकही हप्ता चुकलेला नाही, कर्मचाऱ्यांनी मान मोडून काम केलं आहे, तरीही. हे उदाहरण मी शाखेच्या फळ्यावर मांडलं होतं. आमच्या शाखाधिकारी मॅडम बराच वेळ त्याकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “हे पुसू नका. उद्या कर्ज विभागाला दाखवू.”

दर उतरतात तेव्हा वेगळं होतं. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो ६.५ वरून ५.५ टक्क्यांवर आला. व्यापारी बँकांची नवी बदलत्या दराची किरकोळ कर्जं १ ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या मापदंडाला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, बांधलेली आहेत. कर्जाचा दर तीन महिन्यांच्या आत खाली येतो, पण आधी घेतलेली ठेव मुदत संपेपर्यंत जुन्याच दरानं पोसावी लागते. मधला काळ बँकेच्या मार्जिनला जड जातो. ठेवीदार विचारतात, दर इतक्या लवकर का कमी केलात. कर्जदार विचारतात, इतक्या उशिरा का. दोघांना द्यायचं उत्तर एकाच तक्त्यात आहे.

आता बाजाराच्या व्यवस्थेबद्दल. इथे महाराष्ट्राचा इतिहास वारंवार भेटतो.

१९९२ पर्यंत सरकारी रोख्यांचे व्यवहार फोनवर ठरायचे. मालकीची नोंद रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक कर्ज कार्यालयात हातानं व्हायची आणि तिला वेळ लागायचा. म्हणून बँका एकमेकींना ‘बँक रिसीट’ द्यायच्या: पैसे मिळाले, रोखे नंतर देतो. या कागदावर सगळं चालायचं. दलालांनी ही फट ओळखली. दोन बँकांमध्ये व्हायच्या व्यवहाराचा चेक दलालाच्या खात्यात जमा होऊ लागला आणि तो पैसा शेअर बाजारात फिरू लागला. दि बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक या दोन छोट्या बँकांनी हातात रोखे नसताना रिसीटा दिल्या. एप्रिल १९९२ मध्ये हर्षद मेहता प्रकरण बाहेर आलं, रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर जानकीरामन यांच्या समितीनं तपास केला आणि ४ हजार कोटींहून मोठं भगदाड मोजलं. कराडच्या बँकेचं दिवाळं निघालं. काका त्या वेळी तरुण अधिकारी होते. त्या उन्हाळ्यात कपाटातून एकेक रिसीट काढून समोरच्या बँकेला फोन करून विचारायचं काम त्यांच्याकडे होतं. त्याबद्दल ते फार बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, “कागद हातात असणं आणि रोखा हातात असणं यात किती अंतर आहे, ते तेव्हा कळलं.”

नंतरची सुधारणा कणाकणानं झाली. १९९५ मध्ये रोखे आणि पैसे एकाच वेळी हस्तांतरित करण्याची पद्धत आली. २००१ मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन स्थापन झालं, फेब्रुवारी २००२ पासून ते दोन्ही बाजूंच्या मध्ये उभं राहून व्यवहार पुरा होण्याची हमी देऊ लागलं. ऑगस्ट २००५ मध्ये रोख्यांची खरेदी-विक्री पडद्यावर आली, जिथे समोर कोण आहे हे कळतही नाही आणि कळायची गरजही उरत नाही.

पण मधल्याच काळात, २००२ मध्ये, होम ट्रेड प्रकरण घडलं. ही दलाली कंपनी आमच्या नवी मुंबईतली, वाशीची. जाहिरातीत देशातले सर्वात लोकप्रिय चेहरे. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेनं आणि आणखी काही सहकारी बँकांनी सरकारी रोखे घेण्यासाठी तिच्यासारख्या दलालांना पैसे दिले, रोखे मिळालेच नाहीत. नागपूरच्या बँकेचे १०० कोटींहून जास्त अडकले. तो शेतकऱ्यांचा पैसा होता. दहा वर्षांपूर्वीचा धडा व्यापारी बँकांपर्यंत पोहोचला होता, जिल्हा बँकांपर्यंत पोहोचला नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यानंतर सहकारी बँकांनाही रोखे इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच ठेवणं बंधनकारक झालं. वाशी स्टेशनच्या वरच्या त्या मोठ्या इमारतींकडे बघताना मला हे आठवतं, आणि सहकारी बँकेच्या संचालकांनाही हा विषय शिकवला पाहिजे असं तीव्रतेनं वाटतं. संचालक कर्ज मंजूर करताना बारीक चौकशी करतात. गुंतवणुकीचा विषय आला की सही.

ठेवीदाराला यातलं काय सांगायचं? मध्यंतरी एक निवृत्त माथाडी कामगार पावती नूतनीकरणाला आले होते. म्हणाले, “ताई, टीव्हीवर बँक बंद पडल्याचं दाखवतात. आमचे पैसे राहतील ना?” मी त्यांना बाजूला बसवलं आणि सांगितलं की एका माणसाच्या एका बँकेतल्या सगळ्या शाखांमधल्या ठेवी मिळून, मुद्दल आणि व्याज धरून, ५ लाखांपर्यंत विमा आहे. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी तो १ लाख होता. बँकेवर निर्बंध आले तर ९० दिवसांत ही विम्याची रक्कम मिळावी अशी दुरुस्ती २०२१ मध्ये कायद्यात झाली. हा विमा १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक कोसळल्यावर आला, १९६२ पासून लागू झाला, तेव्हा मर्यादा १,५०० रुपये होती. त्यांनी विचारलं, हप्ता कोण भरतं. बँक भरते, ठेवीदाराकडून काही घेत नाही. मग त्यांनी स्वतःहून विचारलं, की बँक आमचे पैसे कुणाला देते. त्यांना मी तक्त्याचं साधं रूप कागदावर काढून दाखवलं. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. ज्या माणसानं आयुष्यभर गोणी मोजून उचलल्या, त्याला येणं-जाणं समजायला काहीच अडचण आली नाही.

म्हणून मी माझ्या सगळ्या नोट्स मराठीत काढते. पुस्तकं इंग्रजीत, परिपत्रकं इंग्रजीत, आणि शाखेतले शिपाई, कॅशियर, पिग्मी एजंट, ज्यांना ठेवीदाराच्या घरातलं लग्न, आजारपण, जमिनीचा व्यवहार आधी कळतो, त्यांच्यापर्यंत हा विषय येतच नाही. आमचे पिग्मी एजंट मार्केटमध्ये रोज फिरतात. कुठला गाळा यंदा मंदीत आहे हे त्यांना स्टॉक स्टेटमेंटच्या, म्हणजे कर्जदारानं बँकेला द्यायच्या मालाच्या हिशोबाच्या, कितीतरी आधी समजतं. ठेवींच्या वर्तनाबद्दलची इतकी माहिती दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि ती तक्त्यात उतरवायची सोय कुठेच नाही.

मी मुख्य कार्यालयातल्या एएलएम बघणाऱ्या साहेबांना हे पत्रातून कळवलं. फळ मार्केटच्या चालू खात्यांना सरसकट प्रमाण लावू नये, त्यांचा वेगळा गट करावा, आणि मे अखेरीची शिल्लक न धरता जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली शिल्लक टिकाऊ धरावी, असं सुचवलं. साहेबांचा फोन आला. त्यांनी मागच्या काही हंगामांचे दर आठवड्याचे आकडे मागवले. कॅशियरनं आणि मी मिळून ते काढले. आलेख काढल्यावर डोंगर आणि दरी इतकी स्पष्ट होती की समजावून सांगायला काही उरलं नाही. पुढच्या एएलसीओच्या (मालमत्ता-देयता समितीच्या) बैठकीत तो आलेख ठेवणार आहेत.

आता मसाला मार्केटची खाती घेतली आहेत. त्यांचं वर्ष निराळं आहे. मिरची आणि हळदीची मोठी खरेदी उन्हाळ्याच्या आधीपासून, माल कोल्ड स्टोरेजमध्ये, आणि विक्री पुढे हळूहळू. म्हणजे आंब्याचे आडते पैसे आणून टाकतात त्याच महिन्यांत मसालेवाले उचल घेतात. दोन्ही एकाच शाखेत. ही दोन चक्रं एकमेकांना किती सावरून धरतात, आणि जूनच्या दरीत त्यातलं नेमकं किती उरतं, ते मोजायचं आहे. कांदा-बटाटा मार्केट त्यानंतर.